नेट जातं, ते नेमकं कुठून जातं?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही अमरावतीहून बोलतो आहोत. अकोल्याच्या आणि मूर्तिजापूरच्या मैत्रिणींनी फोनवर सांगितलेल्या गोष्टीही आज आमच्यासोबत आहेत. विषय आहे घरातलं इंटरनेट. ते सारखं येतं-जातं, तेव्हा आपण घरच्या घरी काय पाहायचं, आणि तक्रार करायची तर कशी करायची, हे आज बोलू.

कोणी म्हणेल, हा तर पोरांचा विषय. पण जरा मोजून पाहा. आमच्या गटातल्या एकीची संध्याकाळची शिकवणी ऑनलाइन चालते. एकीला ब्लाऊजची मापं, डिझाइन आणि पैसे, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. एकीची सून पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. एकीच्या नातीचा प्रवेशअर्ज भरता भरता तीनदा अडकला. लाडक्या बहिणीचं ई-केवायसी करताना पान अर्ध्यावर थांबलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे तर कित्येकींनी भोगलं आहे. नेट गेलं की बहुतेक वेळा बाईचं काम अडतं, बाईची रोजी बुडते. आणि दुरुस्तीची वेळ आली की तिला ऐकावं लागतं, "तुले काय समजते त्यातलं? तूच काहीतरी दाबलं असशील."

तर आज आपण एवढंच शिकायचं आहे, की नेट नेमकं कुठं तुटतं हे ओळखायचं कसं. दुरुस्ती दुसरा करील. पण बिघाड कुठं आहे हे आपण सांगू शकलो, तर पैसा वाचतो, फेऱ्या वाचतात, आणि समोरचा आपल्याशी नीट बोलतो.

नळाला पाणी आलं नाही तर आपण काय करतो? अमरावतीला पाणी अप्पर वर्धा धरणाचं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. पण पाणी आलं नाही म्हणून कोणी धरणावर जात नाही. आधी आपलाच कॉक बंद आहे का, ते पाहतो. मग भिंतीवरून शेजारणीला विचारतो, "तुमच्याकडे आलं काय वो?" तिच्याकडेही नसेल तर लाइन फुटली असेल, किंवा टाकीच भरली नसेल. इंटरनेटचंही असंच आहे. त्याचे चार टप्पे धरा. पहिला आपला फोन. दुसरा घरातला वायफायचा डबा, ज्याला राऊटर म्हणतात. तिसरी डब्यापासून खांबावर आणि पुढं जाणारी तार. चौथी कंपनी. बिघाड या चारांपैकी एका ठिकाणी असतो. आपल्याला फक्त टप्पा शोधायचा आहे.

नेट गेलं की पहिलं काम म्हणजे फोनचा मोबाइल डेटा बंद करणं. नाहीतर फोन गुपचूप सिमकार्डच्या नेटवर जातो, आणि काय चालू, काय बंद, काही कळत नाही. मग फोनच्या वरच्या पट्टीत वायफायची ती हातपंख्यासारखी खूण पाहा. खूणच गेली असेल, तर फोन आणि डबा यांच्यातलं नातं तुटलं आहे. खूण आहे पण काहीच उघडत नाही, तर फोन डब्यापर्यंत पोचतो आहे, अडचण बहुतेक त्याच्या पुढं आहे. एवढ्या एका नजरेत अर्धं काम होतं.

दुसरं, घरातला दुसरा फोन किंवा टीव्ही पाहा. एकच फोन बंद आणि बाकी सगळं चालू, तर दोष त्या फोनचा. त्या फोनमध्ये वायफायच्या यादीत जाऊन आपलं नाव काढून टाका, म्हणजे फोन ते जुनं जोडणं विसरतो. मग पासवर्ड घालून पुन्हा जोडा. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करून पाहा. काही फोनमध्ये ती वायफायलाच झोपवते. यासाठी कोणाला बोलावून पैसे द्यायची गरज नाही.

तिसरं, डब्यावरचे दिवे. हे दिवे शोभेचे नाहीत, ती डब्याची बोली आहे. आता बहुतेक घरांत काचेच्या तारेचं, म्हणजे फायबरचं नेट असतं. त्या डब्यावर साधारण पाच दिवे असतात. 'पॉवर' म्हणजे वीज. 'पॉन' म्हणजे कंपनीच्या यंत्राशी बोलणं चालू आहे. 'लॉस' म्हणजे तारेतून येणारा प्रकाश हरवला. मग 'इंटरनेट' आणि 'वायफाय'. सगळं नीट चालू असेल तेव्हाच फोनने या दिव्यांचा एक फोटो काढून ठेवा. तापात लेकराचा चेहरा कसा दिसतो हे कळायला ते बरं असताना कसं दिसतं हे माहीत पाहिजे, तसंच हे.

आता नेट जाईल तेव्हा तो फोटो समोर धरा. सगळेच दिवे एकदम विझले आणि पुन्हा पेटू लागले, तर गोष्ट विजेची आहे. 'लॉस' लाल झाला आणि 'पॉन' विझला किंवा लुकलुकतो आहे, तर गोष्ट तारेची आहे. 'पॉन' स्थिर हिरवा आहे, 'लॉस' शांत आहे, पण इंटरनेटचा दिवा नाही, तर गोष्ट बहुधा कंपनीकडची आहे. कधी रिचार्ज संपलेला असतो, तेही पाहून घ्या. आणि सगळे दिवे नीट आहेत, डब्याजवळ बसलं की चालतं, पण आतल्या खोलीत तुटतं, तर गोष्ट घराच्या भिंतींची आहे.

या एकेकाकडे जरा थांबून पाहू, कारण आपल्या वऱ्हाडात याची कारणं आपल्याच घरात आणि आपल्याच हवेत सापडतात.

विजेपासून सुरुवात करू. बडनेऱ्याच्या एका ताईंची शिकवणी रोज संध्याकाळी दोन-तीनदा तुटायची. नेटवाल्याचा मुलगा तीनदा येऊन गेला. आला की नेट चालूच. "काही नाही काकू, तुमचा डबा जुना झाला, नवीन घ्या," असं सांगून गेला. ताईंनी डबा घेतला नाही, दिवे पाहायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी सगळे दिवे एकदम विझत होते. आणि ती वेळ होती पाण्याची मोटर सुरू करायची. मोटरने पहिला झटका घेतला की घरातला व्होल्टेज क्षणभर पडायचा, बल्ब मिणमिणायचा आणि डबा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. सुरू होऊन नेट लागायला दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात पोरं शिकवणीतून बाहेर. इलाज काय, तर डब्याला बॅटरीचा छोटा बॅकअप लावला. राऊटरसाठीचा लहान यूपीएस बाजारात मिळतो. तो लाईट गेल्यावरही काही तास डबा चालवतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिले आहेत ते वाचून दुकानदाराला सांगा. बऱ्याच डब्यांना १२ व्होल्ट लागतात, पण सगळ्यांना नाही. आकडा जुळलाच पाहिजे.

अडॅप्टरचंही तसंच. मूळ अडॅप्टर गेला म्हणून सेट-टॉप बॉक्सचा लावला, पिन बसली, दिवा लागला, म्हणजे झालं असं नाही. अँपिअर कमी पडले तर डबा रिकामा असताना चालतो, आणि घरातले चार फोन लागले की दम तोडतो. अडॅप्टर फार गरम लागत असेल, पिन सैल असेल, तर आधी तो बदला. अडॅप्टर काही शेकड्यांत येतो, नवा डबा हजार-दोन हजारांत.

दुसरं आपलं ऊन. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला होता, आणि उन्हापायी जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. घरात वापरायचे बहुतेक राऊटर बनवताना भोवतीची हवा ४० अंशांपर्यंत धरलेली असते. आता आपण तो डबा ठेवतो कुठं? टीव्हीच्या मागं, पत्र्याखालच्या फळीवर, वर धूळ बसू नये म्हणून क्रोशाचा रुमाल घालून. दुपारी बारा ते पाच नेट रडतं आणि रात्री नीट चालतं, असं असेल तर डब्याला हात लावून पाहा. रुमाल काढा, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, वारा लागू द्या. पण कुलरच्या समोर ठेवू नका. कुलरच्या हवेत ओल असते, आणि आपल्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने कुलरच्या जाळीवर कसा पांढरा थर बसतो, हे आपण दरवर्षी पाहतोच.

तिसरं, डब्याची जागा. वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. आमचा आवाज जसा लहरींवरून तुमच्यापर्यंत येतो, तसंच. त्या लहरी वीटभिंत ओलांडताना दमतात, जुन्या घरांच्या दीड-दोन फूट रुंद मातीच्या भिंतीत जास्त दमतात, आणि लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, पत्रा यांच्यापुढं तर अडतातच. म्हणून डबा घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवायचा. देवघराच्या कोपऱ्यात, तिजोरीमागं लपवायचा नाही. काही डबे दोन नावं दाखवतात, एकाच्या शेवटी ५जी किंवा ५ गिगाहर्ट्झ असं असतं. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. पाचवालं वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर संपतं. दुसरं, २.४ वालं, हळू पण लांब जातं. आतल्या खोलीत सारखं तुटत असेल तर फोन २.४ वर जोडून पाहा. मात्र चाळीत, फ्लॅटमध्ये आजूबाजूच्या दहा घरांचं वायफाय याच २.४ वर गर्दी करतं, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच गोंगाट करतो. डबा जवळ असेल तर पाचवालं बरं.

आता घराबाहेरची तार. फायबरची तार म्हणजे केसाएवढी बारीक काच, तिच्यातून प्रकाश धावतो. तिच्यातून वीज जात नाही, म्हणून शॉक लागत नाही. पण तुटलेल्या टोकात डोळा लावून कधीच पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, तरी डोळ्याला घातक असू शकतो. पोरांनाही सांगून ठेवा. ही तार वळवायची तर वाटीच्या घेराएवढं वेटोळं चालतं, अंगठीएवढं नाही. झाडताना ओढली गेली, खिडकीच्या फटीत दाबली, कपाट सरकवताना पायाखाली आली, तर काच मुरडते आणि प्रकाश गळतो. नेट पूर्ण जात नाही, पण येतं-जातं. म्हणून डब्याच्या मागं एकदा नजर टाका.

घराबाहेर काय काय होतं ते आपण सगळ्या पाहतोच. वानरं खांबावरून खांबावर उड्या मारतात, खारी कुरतडतात, मृगाच्या आधीच्या वादळात फांदी पडते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि नीट न रोवलेले खांब कलतात. आणि सगळ्यात मोठी तार तोडणारी म्हणजे जेसीबी. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला, गिनीज बुकात नोंद झाली. रस्त्याचं आपल्याला कौतुक आहेच. पण जिथं जिथं रस्ता, नाली, पाइपलाइन खोदली जाते, तिथं कडेला पुरलेल्या तारेचा जीव टांगणीला असतो. म्हणूनच केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप आणलं. खोदणाऱ्याने आधी त्यावर कळवायचं, म्हणजे खाली ज्यांची तार किंवा पाइप आहे त्यांना खबर जाते. आपल्या गल्लीत खोदकाम निघालं, तर वॉर्डाच्या नगरसेवकाला, ग्रामपंचायतीला, ठेकेदाराला हे नाव सांगून विचारा, "कळवलं काय जी?" विचारायला पैसे पडत नाहीत.

घरातला दोष की बाहेरचा, हे नक्की करायला शेजारीण फार कामाची. मात्र तिला नुसतं "नेट आहे काय?" असं विचारू नका, "कोणत्या कंपनीचं आहे?" हेही विचारा. फायबरची एक तार चौकाजवळच्या एका पेटीत फुटते आणि ३२ किंवा ६४ घरांना वाटली जाते. तुमच्याच कंपनीचं शेजारी चालू आणि तुमचं बंद, तर दोष पेटीपासून तुमच्या घरापर्यंतच्या तारेत किंवा डब्यात. दोघींचंही बंद, तर दोष मागं, मोठ्या लाइनवर. मग तुमच्या घरी माणूस पाठवून उपयोग नाही, लाइनवर पाठवायला सांगा.

कधी कधी तर बिघाड कुठंच नसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत तणाव झाला, तेव्हा प्रशासनाच्या आदेशाने शहरातलं इंटरनेट काही दिवस बंद होतं. अशा वेळी डबा शंभरदा बंद-चालू करून काही होत नाही. सगळ्याच कंपन्यांचं एकदम बंद असेल, तर आधी बातमी ऐका. आणि अशा दिवसांसाठी घरात थोडी रोख रक्कम आणि गरजेचे फोननंबर कागदावर लिहून ठेवा. नेट गेल्यावर फोन-पेही जातं, हे अमरावतीकर बायकांना कोणी शिकवायला नको.

ज्या मैत्रिणी धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा आडगावी आहेत, त्यांच्याकडे तार नसते, नेट टॉवरवरून येतं. तिथं सिमकार्डचा डबा खिडकीशी, टॉवरच्या दिशेने ठेवा. उंची आणि जागा बदलून पाहा, दोन-चार हातांनीही फरक पडतो. लाईट गेल्यावर थोड्या वेळाने नेट जात असेल, तर टॉवरची बॅटरी संपत असणार. ती तक्रार तुमच्या एकटीची नाही, गावाची आहे. ग्रामसभेत मांडा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, वही. हो, साधी वही. नेट गेलं की पाच गोष्टी लिहा. तारीख आणि वेळ. किती मिनिटं गेलं. कोणता दिवा कसा होता. लाईट होती का. वारा, पाऊस, ऊन, मोटर, काही विशेष चालू होतं का. एक आठवडा लिहा. नुसतं "सारखं जाते" म्हटलं की समोरच्याला काही कळत नाही. वहीतून मात्र कारण आपोआप वर येतं.

वेळ लिहिण्याचं मोल किती, याची एक खरी गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये वेल्स भागात अबरहोसान नावाचं छोटं गाव आहे. तिथलं इंटरनेट रोज सकाळी सातला बसायचं, दीड वर्ष हेच चाललं. कंपनीने तार बदलून पाहिली, तरी तेच. शेवटी इंजिनिअर सकाळी सहाला, धो-धो पावसात, विजेचा गोंगाट पकडणारं यंत्र घेऊन गावभर फिरले. सात वाजता यंत्र बोललं. एका घरी जुना टीव्ही होता. घरमालक रोज सातला तो लावायचा, आणि त्यातून निघणारा विजेचा गोंगाट तांब्याच्या तारेवरून गावभराचं नेट पाडायचा. २०२० मध्ये ही बातमी जगभर छापून आली. टीव्ही बंद झाला आणि गावाचं नेट सुधारलं. ते सापडलं कशामुळे? रोज सातला जातं, या एका नोंदीमुळे. आपल्याकडेही ज्यांच्या घरी अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं नेट आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पावसात त्या तारेच्या जोडात पाणी शिरलं तरीही नेट असंच खोकतं.

मूर्तिजापूरच्या आमच्या मैत्रिणीने वहीच्या जोरावर काम कसं करून घेतलं, तेही ऐका. तिच्या वहीत चार दिवसांत चारदा, दुपारी वारा सुटला की 'लॉस' लाल. तिने फोन करून एवढंच सांगितलं, "पॉन बंद, लॉस लाल. काल चार वाजून दहा ते पाच पंचवीस. लाईट होती. अडॅप्टर ठीक आहे. शेजारी तुमचंच नेट चालू आहे. वारा आला की जाते." पलीकडचा माणूस क्षणभर गप्पच झाला. मग म्हणाला, "ताई, खांबावरचा जोड पाहतो." दुसऱ्या दिवशी जोडायचं मशीन घेऊन माणूस आला, थेट खांबावर चढला. जोड ढिला होता.

माणूस आला की त्याला एक प्रश्न जरूर विचारा, "पॉवर किती येते?" ही विजेची नाही, तारेतल्या प्रकाशाची. त्याच्याकडे छोटं मीटर असतं. आकडा उणे येतो. उणे १८, उणे २० असेल तर छान. साधारण उणे २७ च्या पलीकडे गेला, तर प्रकाश फार मंद आहे, तार किंवा जोड सुधारलाच पाहिजे. आकडा वहीत लिहा, त्याच्या समोर लिहा. पुढच्या वेळी दुसरा कोणी आला आणि म्हणाला डबा बदला, तर मागचा आकडा तुमच्याकडे असेल.

डबा बंद-चालू करणं चालतं. बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग लावा, दोन-तीन मिनिटं वाट पाहा. पण डब्याच्या मागं टाचणीएवढ्या भोकात जे 'रिसेट' बटण असतं, त्याला हात लावू नका. त्याने डब्यातली सगळी मांडणी पुसली जाते, आणि मग माणूस आल्याशिवाय काही चालत नाही. आकाशात विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवा.

आता तक्रारीचं. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केला की डॉकेट नंबर मागून घ्या, वहीत लिहा. नंबर नाही तर तक्रारच नाही, असं समजा. मुदतीत काम झालं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ही सोय 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांत आहे, तिला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. गल्लीतल्या केबलवाल्याकडून नेट घेतलं असेल, तर त्याच्या मागं कोणती कंपनी आहे ते बिलावर पाहा. बिल देत नसेल तर मागा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार सांगता येते. जितके दिवस नेट बंद होतं, तितक्या दिवसांचे पैसे वळते करा, असं स्पष्ट मागायला लाजू नका. दूधवाल्याचे खाडे आपण मांडतोच ना?

आणि इथंच खरी गाठ आहे. अकोल्याच्या एका काकूंनी तक्रार करायला फोन केला, तर पलीकडून विचारलं, "रजिस्टर्ड नंबरवर ओटीपी गेला, सांगा." तो नंबर मुलाचा, मुलगा बंगलोरला, मीटिंगमध्ये. तो रात्री मोकळा झाला, तोवर तक्रार केंद्राने दुसऱ्या दिवसाचा वायदा दिला. घरी दिवसभर राहणाऱ्या काकू, शिवणाच्या ऑर्डरी काकूंच्या, महिन्याचे पैसेही काकूच देतात, पण जोडणीवर नाव आणि नंबर काकूंचा नाही. आपल्या किती घरांत असंच आहे, आजच पाहा. घरात जी वापरते, जी घरी असते, तिचा नंबर त्या खात्यावर घालून घ्या. दुसरा पर्यायी नंबर तरी नक्की जोडा. डब्याखाली लिहिलेलं नाव, ग्राहक क्रमांक, पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर उतरवा. गॅसचं पुस्तक जसं आपल्या हाताशी असतं, तसं हेही असू द्या.

आणखी एक सावधगिरी. नेट गेलं म्हणून घाईघाईत मोबाइलवर 'कस्टमर केअर' शोधू नका. तिथं भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर असतात. ते गोड बोलतात, एखादं अ‍ॅप टाकायला लावतात, ज्यातून तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसतो, आणि 'दहा रुपये भरून तक्रार नोंदवा' म्हणत बँक खातं रिकामं करतात. नंबर फक्त बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधला वापरा. तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. तक्रारीसाठी ओटीपी विचारला, तर आधी तो मेसेज वाचा. तो बँकेचा असेल तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लाजून घरात दडवू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितक्या लवकर सांगाल, तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

तर या आठवड्याचं काम. नेट चालू असताना दिव्यांचा फोटो काढा. वही घाला. डब्यावरचा रुमाल काढा. आणि खात्यावर कोणाचा नंबर आहे ते पाहा. पुढच्या वेळी नेट गेलं आणि घरात कोणी म्हणालं, "काहून गेलं? तूच काही केलं असशील," तर शांतपणे दिव्याकडे बोट दाखवा आणि सांगा, नेट कुठून गेलं ते.

तुमच्या वहीत काय सापडलं ते आम्हाला फोन करून जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू. आज एवढंच. रामराम.